एक तास म्हणजे एक तास

अकोला
९ जानेवारी १९७७

प्रिय अंजना,

तू गेलीस, पण तुझ्या खाटेखालून रोज तुझं काहीतरी निघतंच आहे. परवा कंगवा, काल एक चप्पल, आज अर्धा खाल्लेला पेरू. पेरू टाकून दिला. एक चप्पल इथे आहे तर घरी काय घालून गेलीस, ते आधी कळव.

घरी सगळं नीट सांगितलंस का? मला शंका आहे. म्हणून हे पत्र एकटीने वाचू नकोस. ग्यानबाकाका आणि केशरकाकू जवळ बसतील तेव्हा मोठ्याने वाच.

काका, काकू, मी ललिता. अंजना ज्या दवाखान्यात नर्सचं ट्रेनिंग घेते तिथे मी वॉर्डची सिस्टर आहे आणि मुलींच्या हॉस्टेलची देखरेखही माझ्याकडे असते. तुमच्या मुलीला इथून काढून टाकलेलं नाही. ती बाळंतिणीच्या खोलीत चक्कर येऊन पडली, कारण दोन दिवस जेवली नव्हती. का जेवली नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, लक्षात राहिलं नाही. रात्र रात्र जागते, सकाळच्या प्रार्थनेला उशिरा पोचते, वेणी अर्धी घालून दुसऱ्याच कामाला लागते. सगळ्या तिला आळशी म्हणतात. मी म्हणत नाही. बाळ आडवं आलं होतं त्या दिवशी माझेसुद्धा हात कापत होते, हिचे कापत नव्हते. आळशी माणसाला ते जमत नाही. हिच्या डोक्याची ठेवणच निराळी आहे. असल्या ठेवणीला काय नाव आहे ते मला माहीत नाही.

मेट्रनबाईंनी तिची जागा जूनपर्यंत राखून ठेवली आहे. जूनमध्ये वाशीमच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. अंगात रक्त भरलेलं हवं, आणि झोप, जेवण, उठणं वेळेवर होतं हे मेट्रनबाईंना पटायला हवं. नाही पटलं तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही.

अंजू, आता तुला. वेळापत्रक पाठवत नाही, आधीची सगळी तू हरवलीस. एकच गोष्ट सांगते. रोज सकाळी एक तास चालायचं. एक तास म्हणजे एक तास, कमी नाही. सकाळ जागेवर आली की भूक जागेवर येते, आणि भुकेच्या मागे झोप. बाकी सगळं सोडलंस तरी चालेल, एवढं सोडू नकोस.

तुझी,
ललिताताई

•

मु. बोरखेडी, पो. रिसोड
२० जानेवारीला सुरू केलं, आज ३ फेब्रुवारी

ललिताताईंना अंजनाचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की तुमचं पत्र पोचलं. उशिरास कारण की उत्तर लिहायला बसले तर पेनात शाई नव्हती. शाई आणायला रिसोडला गेले, तिथे एक माणूस भांड्यांना कल्हई करत होता, ती बघत बसले, आणि संध्याकाळच्या एसटीने शाई न घेताच घरी आले. म्हणून हे पेन्सिलीने आहे. चप्पल आईची घातली होती, मागच्या सुटीत चुकून तिकडे नेलेली. ती अजून त्यावरून बोलते.

तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. आई मधेच डोळे पुसत होती आणि मधेच मला चिमटे काढत होती. बाबांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, असं मला वाटलं. कारण दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी ते माझ्या डोक्याशी उभे. हातात काठी, डोक्याला उपरणं.

"ऊठ अंजे. बाईनं काय सांगतलं? चाल, तास धर."

मी म्हटलं, बाबा, थंडी आहे. ते म्हणाले, "थंडी बी तुयासंगं चालन. एका तासानं कोनी मरत नाई." तेव्हा उठले, ताई. तोंड धुतलं, वेणी पूर्ण घातली, आणि बाबांबरोबर वावरात गेले. एक तास चालले. परत आले तेव्हा इतकी भूक लागली होती की आईने थापलेली पहिली भाकर तव्यावरूनच घेतली.

आई म्हणते, नव्याचे नऊ दिवस. तिचं खरं असेल. पण आज तीन तारीख आहे आणि मधले एक-दोन दिवस सोडले तर मी रोज एक तास चालते आहे. परवा तर दोन झाले. मला स्वतःलाच नवल वाटतं.

एक सांगायचं होतं, पण ते या कागदावर मावणार नाही. पुढे कधीतरी.

तुमची,
अंजना

•

अकोला
१२ फेब्रुवारी १९७७

प्रिय अंजू,

पत्र वाचून मी वॉर्डातच हसले. पेशंट बघत राहिले. दोन तास? मी एक म्हटलं होतं बाई. ज्या मुलीला प्रार्थनेच्या घंटेपर्यंत पाय ओढत आणावं लागायचं, ती पहाटे उठून दोन तास चालते, यावर माझ्याशिवाय इथे कोणाचाही विश्वास बसणार नाही.

आता त्याला एक-दोन गोष्टी जोडून टाक. तू वेगळी आठवण ठेवायला गेलीस की विसरतेस, म्हणून जे आधीच होतंय त्यालाच बांध. चालून आलीस की न्याहारी. न्याहारी झाली की लोहाची गोळी. गोळी कोनाड्यात ठेवू नकोस, भाकरीच्या टोपल्यात ठेव. टोपलं तू विसरणार नाहीस.

काकांना माझा नमस्कार सांग. या वयात तुझ्याबरोबर दोन-दोन तास चालतात म्हणजे कमाल आहे. त्यांचे गुडघे ठीक आहेत ना?

कागदावर न मावणारं काय ते पुढच्या वेळी दोन कागद घेऊन लिही.

तुझी,
ललिताताई

•

बोरखेडी
८ मार्च १९७७

ललिताताईंना सप्रेम जयभीम.

बाबांचे गुडघे उत्तम आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी आम्ही पाच तास केले. काल सात.

तुमची टोपल्याची युक्ती बाबांनी वाढवली. ते न्याहारीचं गाठोडं पहाटेच नाल्याकाठच्या बाभळीला टांगून येतात, त्यातच गोळी. म्हणजे तिथपर्यंत गेल्याशिवाय खायला नाही. एकदा गाठोड्यापाशी पोचलं की मी चटणीसकट सगळं संपवते. आई म्हणते, ही पोरगी घरात वाढलेलं ताट विसरते आणि झाडाला टांगलेलं बरोबर खाते, हिला माकडाच्या जन्माला घालायचं होतं. पण ती आता भाकऱ्या दोन जास्त करते आणि कोणाला सांगत नाही.

झोपसुद्धा येते. दिवेलागणीनंतर जेवते आणि मासिक उघडून बसते, तर दोन पानांत डोळे मिटतात. आधी माझ्या डोक्यात रोजच रिसोडचा बाजार भरलेला असायचा. तो अजून भरतो, पण आता संध्याकाळी उठतो.

सध्या निवडणुकीच्या जीपगाड्या भोंगे लावून फिरतात. बाबा चालता चालता भोंग्याच्या मागे बांधापर्यंत गेले आणि परत आलेच नाहीत. मला वाटलं आता माझंही राहिलं. पण गाठोडं बाभळीला होतं, म्हणून गेले.

दोन कागद घेतले होते. एकावर आईने पापड वाळत घातले.

तुमची,
अंजना

•

(पोस्टकार्ड)
अकोला, १५ मार्च

अंजना, सात तास काय? वेड लागलंय का? हे ताबडतोब थांबव. माझीच चूक झाली, मी आनंदाने मेट्रनबाईंना सांगून बसले की मुलगी पाच-पाच तास चालते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "ही आधी खायचं विसरत होती, आता थांबायचं विसरते. असल्या टोकाच्या मुलीच्या हाती मी बाळंतीण कशी देऊ?" म्हणजे मी तुझं बरं करायला गेले आणि जूनचं आणखी अवघड करून ठेवलं. खरं काय ते उलट टपाली कळव. जे असेल ते. मी रागावणार नाही. बहुतेक नाही. — ललिता

•

बोरखेडी
१९ मार्च १९७७

ललिताताई,

सप्रेम जयभीम. उलट टपाली लिहिते आहे. आयुष्यात पहिल्यांदाच.

ताई, आमच्याकडे घड्याळाच्या तासाला कोणी तास म्हणत नाही. घंटा म्हणतात. गाडी घंटाभर लेट आहे, घंटाभर झाला डाळ शिजत नाही, असं. तास म्हणजे वावरातलं. पेरताना पडते ती पिकाची ओळ. निंदायला, वेचायला बाया बसतात तेव्हा एकेकीने एकेक तास धरायचं असतं. तुमचं पत्र मी वाचलं, 'रोज सकाळी एक तास चालायचं, एक तास म्हणजे एक तास', आणि बाबा म्हणाले, "येवढंच? मले वाटलं बाई काई अवघड सांगन." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका तासाच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः शेजारच्या तासात उभे राहिले. बांधापासून नाल्यापर्यंत जायचं आणि वळून यायचं. झालं एक तास. चुलीवर चहाला उकळी येईल तेवढ्यात होतं.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. तुमचा तो घड्याळाचा तास वाचूनच मी हात टेकले होते. मी मनात म्हटलं होतं, हे काही आपल्याने होणार नाही, ताईंना काहीतरी कळवून टाकू. पण बाबांच्या तासाचं टोक दिसत होतं, ताई. तिथे बाभूळ होती. बाभळीपर्यंत तर कोणीही जाईल. आणि तिथे गेल्यावर पुढचं तास समोर असायचं, तेही फार लांब नसायचं. सात झाले त्या दिवशीही मी सात करायला निघाले नव्हते.

बाबांना अजून माहीत नाही. ते तुम्हाला फार समजूतदार बाई समजतात, उगीच कोणाला जास्तीचं सांगत नाहीत असं म्हणतात.

आणि ते माझ्यासाठी येतात असं तुम्ही समजू नका. त्यांचंही माझ्यासारखंच आहे. परवा बैल सोडून विहिरीवर गेले, तिथे दोर तुटलेला दिसला म्हणून दोर वळायला बसले, दोर अर्धा टाकून चिलीम शोधायला घरी आले, आणि बैल शेजारच्या भाऊसिंगकाकांच्या गव्हात. आई म्हणते, तुमी दोघं मिळून एक मानूस होता. आम्ही बरोबर चाललो की ते होतं. मी थांबले की ते ओढतात, ते भटकले की मी हाक मारते.

मेट्रनबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला भीती वाटते. मला परत यायचं आहे. इतकं कशाचंच वाटत नाही मला, सगळ्या गोष्टी येतात आणि जातात, पण हे राहिलं आहे.

अंजना

•

अकोला
२४ मार्च १९७७

प्रिय अंजू,

पत्र वाचून आधी मी रागावले, मग ड्युटीवर गेले, आणि इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवताना एकदम हसू फुटलं ते थांबेना. माझा जन्म भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमधला. मला माहीत असलेलं शेत म्हणजे खिडकीतून मागे पळणारं. त्यात तास असतात हे मला कोण सांगणार?

काकांना काही सांगू नकोस. समजूतदार म्हणाले आहेत, तेवढं तरी राहू दे.

मेट्रनबाईंना मी अजून काही बोलले नाही. माझ्या तोंडून ते थट्टेसारखं वाटेल. तूच सांग त्यांना, जूनमध्ये, समोर उभी राहून. आत्ता सांगितलंस तसंच.

पण एक मला सांग. उन्हाळ्यात पीक निघाल्यावर हे तास राहतात का?

तुझी,
ललिताताई

•

(पोस्टकार्ड)
अकोला, २८ एप्रिल

अंजना, महिना झाला, तुझं अक्षर नाही. जयंतीला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं होतं, ते पोचलं का? मुलाखत १५ जूनला सकाळी आहे. दाखला त्याआधी काढायचा. वाईट बातमी असली तरी लिही. चांगली नसली की तू लिहीत नाहीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून विचारते. — ललिता

•

बोरखेडी
१७ मे १९७७

ललिताताईंना सप्रेम जयभीम.

तुम्ही विचारलं होतं तास राहतात का. नाही राहत. एप्रिलच्या सुरुवातीला पऱ्हाट्या उपटल्या, बाबांनी वखर घातला, आणि सगळं वावर सपाट झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बांधावर जाऊन उभे राहिलो. कुठून सुरू करायचं आणि कुठे वळायचं काही कळेना. बाबा म्हणाले, कुठूनही चाल. कुठूनही चालले तर मी थेट वस्तीतल्या मुलींकडे पोचले. त्या जयंतीच्या लेझमीची तयारी करत होत्या.

मग काय विचारता. पताका मी कापल्या, मुलींना गाणी मी बसवली, निळं कापड आणायला दोनदा वाशीमला मी गेले. रात्री जागून कागदाची फुलं केली. जेवण राहायला लागलं. पण त्या दिवसांत मला फार छान वाटत होतं, हेही खरं आहे. मिरवणूक अशी निघाली की मालेगावचे पाहुणे म्हणाले, असली लेझीम आम्ही पाहिली नाही. आणि पंधरा तारखेला मी झोपले ती उठेचना. दुपारी उठायचं, पुन्हा पडायचं. गोळ्या टोपल्यात तशाच. ये रे माझ्या मागल्या. तुमचं कार्ड मी उशीखाली ठेवलं, कारण ते दिसलं की उत्तर लिहावं लागलं असतं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. ती भांडी घासता घासता बाबांना म्हणाली, "राहू द्या आता. तिच्या नशिबी नसन नर्सबाई होनं." मी आतून ऐकलं. मलाही तेच वाटत होतं.

बाबा उठले आणि भाऊसिंगकाकांकडे गेले. आमचा बैल एक आणि त्यांचा एक, अशी जोडी लागते. ती जुंपून त्यांनी भर वैशाखात, वखरून झालेल्या मोकळ्या वावरात, नांगराने एक तास काढलं. बांधापासून बाभळीपर्यंत. एकच. सगळ्या वावराला मधोमध एक रेघ. भाऊसिंगकाका डोक्याला हात लावून बांधावर बसले होते. म्हणाले, "ग्यानबा, भर उन्हात येकच तास कायले काहाडून राह्यला? काय पेरतं त्यात?"

बाबा म्हणाले, "पोरीची तब्येत."

हे मला भाऊसिंगकाकांनीच येऊन सांगितलं. ते हसत होते, मला रडू आलं. आईलाही आलं, पण ती म्हणाली धूर आहे.

दुसऱ्या पहाटे बाबा काठी घेऊन उभे. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातून परत आले, ढेकळं फार होती आणि मला घेरी आली. बाबा म्हणाले, "झालं ना चालू. बस." तिसऱ्या दिवशी टोकाला गेले. आता रोज जातो. नांगराच्या तासात पाय मुरगळतो म्हणून कडेने चालतो. गावातली पोरं आम्हाला बघायला येतात. एक म्हातारबा विचारत होते, इथून पाण्याचा पाट जाणार आहे का.

ताई, मला सगळ्यात लाज कशाची वाटत होती सांगू? बंद पडल्याची नाही. इतकं छान चाललेलं इतकं पटकन बंद पडलं, याची. जणू ते कधी नव्हतंच. आता वाटतं, नव्हतं कसं, पाय तर तिकडे आपोआप वळतात.

दाखल्यासाठी पुढच्या महिन्यात वाशीमला जाईन. मेट्रनबाईंना मधलं बंद पडलेलं सांगू का? ते लपवता येईल.

अंजना

•

अकोला
२७ मे १९७७

प्रिय अंजू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या रात्री आमच्या काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, मनातल्या मनात नमस्कार केला.

लपवायचं की सांगायचं, यावर मी तुला सल्ला देणार नव्हते. माझ्या एका सल्ल्याने काय काय झालं ते आपण पाहिलंच. पण देते. मेट्रनबाईंनी विचारलं तर खोटं बोलू नकोस. तुला खोटं बोललेलं लक्षात राहत नाही, तू तिथेच पकडली जाशील.

वाईट एवढंच की १५ जूनला मी इथे नसेन. वहिनीचं बाळंतपण आहे, मला भुसावळला जावं लागतंय. पत्ता मागे लिहिला आहे. वेणी पूर्ण घाल. दोन्ही चपला घाल. तुझी ती एक माझ्या कपाटात आहे, किल्ली स्वयंपाकवाल्या मावशींकडे.

मला काळजी वाटते आहे, हे लिहून टाकते.

तुझी,
ललिताताई

•

अकोला
१८ जून १९७७

ललिताताईंना सप्रेम जयभीम.

आधी वहिनींचं आणि बाळाचं कळवा. मग माझं वाचा. म्हणजे आधी माझं वाचा, पण कळवा नक्की.

वाशीमच्या डॉक्टरांनी दाखला दिला. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, वजन केलं, म्हणाले, चांगलं आहे, काय खातेस? मी म्हटलं, झाडाला टांगलेली भाकर. त्यांनी पुढे विचारलं नाही.

पंधराला पहाटेच्या गाडीने बाबा आणि मी निघालो. मेट्रनबाईंनी मला आत बोलावलं. बाबा दारापाशी बाकावर. बाईंनी दाखला वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सिस्टर ललिता सांगत होत्या, तू रोज पाच-पाच तास चालतेस."

मी म्हटलं, "नाही मॅडम. ते शेतातले तास." आणि तासाचा सगळा घोळ सांगितला. मध्ये एकदा मी बैलांवर गेले आणि एकदा कल्हईवर, पण परत आले. बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात बाबांनी दारातून डोकं घातलं. ते बाहेरून ऐकत होते आणि त्यांना नुकतंच कळलं होतं. म्हणाले, "बाई, पोरीची काई गलती नाई. मलेच वाटलं तास म्हंजे तास. वावर लहानसंच हाये आमचं, अर्धं नाल्यानं खाल्लं." बाईंनी त्यांना आत घेतलं आणि खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

मग बाई म्हणाल्या, "एप्रिलमध्ये वखर घातल्यावर काय केलंस?"

ताई, त्यांना कसं सुचलं हे विचारायचं? माझ्या मनात आलं, म्हणावं, रस्त्याने चालत होते. तुमचं पत्र आठवलं. मी म्हटलं, बंद पडलं. दुपारपर्यंत झोपत होते. जेवत नव्हते.

"मग?"

"बाबांनी नांगराने तास काढून दिलं. परत सुरू झालं."

"त्यानंतर बंद पडलं का?"

"दोनदा पडलं. एकदा मावसबहिणीच्या लग्नात आणि एकदा उगाचच."

"उगाचच पडलं तेव्हा कोणी उठवलं? बाबांनी?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. तेव्हा बाबांचंही बंद पडलं होतं. मी त्यांना उठवलं."

बाई बाबांकडे बघायला लागल्या. बाबा म्हणाले, "खरं हाये. काठी बी तिनंच आनून देल्ली."

बाईंनी कागद ओढला आणि सही केली. सही करताना म्हणाल्या, "इथे दर महिन्याला रात्रपाळी लागते. प्रत्येकीची झोप मोडते, जेवण मोडतं, माझंसुद्धा. घडी कधीच न मोडणारी मुलगी मला अजून भेटलेली नाही. मोडल्यावर परत कोण येतं, एवढंच मला बघायचं होतं." मग म्हणाल्या, उद्यापासून ये, आणि केस नीट बांध. वेणी मी पूर्ण घातली होती, ताई. एसटीत सुटली.

बाबांना गाडीवर सोडायला गेले. ते वाटेत दोनदा हरवले, एकदा उसाच्या चरकापाशी आणि एकदा सायकलच्या दुकानापाशी. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "आता मले कोन उठवन अंजे?" थट्टेत म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला. मी म्हटलं, आईला सांगा. ते म्हणाले, "तुई माय उठवत नाई, तांब्याभर पानी टाकते." मग आम्ही दोघंही हसलो आणि गाडी सुटली.

आता खरं सांगते. पहिल्या सकाळी ठीक झालं. दुसऱ्या सकाळी मी उठलेच नाही. प्रार्थना संपल्यावर जाग आली, सगळ्या मुली ओळीने वॉर्डाकडे जात होत्या आणि मी पदर सावरत मागून धावले. मेट्रनबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि वर निघून गेल्या. दिवसभर मला वाटत होतं, झालं, संपलं, पिशवी भरावी.

रात्री मी पिशवी भरली नाही. जेवले आणि झोपले.

आज वेळेवर उठले.

तुमची,
अंजना